उन्हाच्या मुलखात केळी कशी पिकते?

मे महिन्यात दुपारी मुक्ताईनगरला एसटीतून उतरलेला पाहुणा सगळ्यात आधी सावली शोधतो. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, रस्त्याचं डांबर मऊ झालेलं असतं, आणि जो कोणी बाहेर दिसेल त्याच्या डोक्याला-कानाला रुमाल घट्ट बांधलेला असतो. मुक्ताईचं दर्शन घेऊन तो तापीचा पूल ओलांडतो, रावेरची वाट धरतो, आणि थोड्याच वेळात दृश्य पालटतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसाच्या दुप्पट उंचीच्या हिरव्यागार भिंती. केळीच केळी. बागेत चार पावलं आत गेलं की पायाखाली ओल लागते, वर पानांचं छत येतं, आणि बाहेरची झळ बांधावरच राहिल्यासारखी वाटते.

केळी मूळची आग्नेय आशियातल्या दमट जंगलांमधली. तिला ऊन चालतं, कोरडा वारा चालत नाही. पाणी रोज लागतं, पण मुळाशी तुंबलेलं सोसत नाही. खानदेशात पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत पडून संपणारा. असं असताना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ‘जळगावची केळी’ नेमकी याच भट्टीत कशी पिकते?

उत्तर जमिनीच्या पोटात आहे. ते एकदा कळलं की याच भागातल्या आणखी दोन गोष्टींचा उलगडा होतो. एक, इथली जुनी घरं मातीच्या छपरांची का. दुसरी, चांगदेव गावच्या संगमावर मिळणाऱ्या तापी आणि पूर्णा या दोन नद्यांचे मुलूख एकमेकांपासून इतके वेगळे का. म्हणून मुक्ताईनगर परिसर पाहायला निघालेल्यानं देवळाच्या आधी जमीन पाहावी.

खचलेली फरशी

गोदावरी, भीमा, कृष्णा या महाराष्ट्रातल्या मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. तापी मात्र मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, मुलताईला उगम पावते आणि पश्चिमेची वाट धरून ७२४ किलोमीटरवर, सुरतेजवळ समुद्राला मिळते. (मुलताई हे नाव ‘मूलतापी’वरून आलं, असं तिकडे सांगतात.)

जुन्या घरात दोन भिंतींमधली फरशी खचते, तेव्हा सांडलेलं पाणी घराच्या उताराकडे जात नाही, त्या खचलेल्या पट्ट्यातूनच वाहतं. तापीचं तसंच झालं. भूकवचाला लांबलचक भेगा पडल्या, मधला पट्टा खाली बसला, उत्तरेला सातपुडा उभा राहिला. दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आहेत. नदीनं मधला खोलगट पट्टा धरला.

पुढची लाखो वर्षं डोंगरावरून जे जे वाहून आलं ते या पट्ट्यात साठत गेलं. दख्खनच्या पठारावर विहीर खणताना थोड्याच हातांवर काळा कातळ लागतो आणि सुरुंग लावावे लागतात. तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तापीकाठी तो कातळ गाळाखाली गाडला गेला आहे. काही ठिकाणी हा गाळ शेकडो मीटर जाड आहे. नदीकाठच्या उंच दरडी पाहिल्या की त्याचा अंदाज येतो. पावसानं चिरत नेलेल्या त्या पिवळट भिंतींमध्ये वाळूचा थर, त्यावर मातीचा, मग गोट्यांची एक ओळ, पुन्हा माती, असं दूरवर दिसत राहतं.

पायथ्याची चाळणी

पण नुसता गाळ असून भागत नाही. त्यात पाणी शिरायला वाट हवी. ती वाट सातपुड्याच्या पायथ्याशी आहे.

पुराचं पाणी डोंगरावरून धावत उतरतं तेव्हा त्याच्या अंगात जोर असतो. दगड, गोटे, वाळू, माती सगळं ते घेऊन येतं. पायथ्याला उतार एकदम कमी होतो आणि जोर ओसरतो. मग जड माल आधी खाली बसतो आणि हलका पुढे जातो. धान्य वाऱ्यावर उफणताना दाणा पायाशी पडतो आणि भुसा लांब उडतो, तसंच हे. दगडगोटे आणि भरड वाळू डोंगराच्या पायाशी, त्यापुढे बारीक वाळू, आणि नदीजवळ पोयटा व चिकणमाती. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तर कडेनं दगडगोट्यांचा असा लांब पट्टा पसरला आहे. सातपुड्यातून येणारा नाला या पट्ट्यात शिरला की पुष्कळदा वाटेतच जिरून जातो. खळाळत आलेलं पाणी दगडांमध्ये दिसेनासं होतं.

भूशास्त्रज्ञ या पट्ट्याला ‘बझाडा’ म्हणतात, आणि जळगावच्या वर्तमानपत्रांमधूनही तो शब्द आता येतो. शब्द मुळात स्पॅनिश आहे, उच्चार ‘बाहादा’च्या जवळचा. अर्थ साधा: उतार, उतरण. सातपुड्याच्या पायथ्याला स्पेनच्या भाषेतलं नाव मिळावं, हा योगायोग पुढे कामाला येणार आहे.

बझाड्यात जिरलेलं पाणी तिथेच थांबत नाही. वाळूच्या थरांतून ते हळूहळू तापीकडे सरकतं आणि वाटेत विहिरींना, कूपनलिकांना सापडतं. पायथा ही चाळणी आणि मैदान हा रांजण. रांजण भरतो तो पायथ्याशी, आणि त्यातून पाणी काढलं जातं कितीतरी मैल खाली, केळीच्या बागेत.

हे गणित माणसाला किती आधी उमगलं होतं, ते पाहायला मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूरला जावं. तासा-दीड तासाची वाट. तिथला ‘कुंडी भंडारा’ १६१५ च्या सुमाराचा, अब्दुल रहीम खानखानाच्या काळातला. इराणमधून आलेल्या एका जाणकारानं सातपुड्याकडून तापीकडे सरकणारं हेच पाणी जमिनीखाली अडवलं. एक लांब बोगदा, त्याला किंचित उतार, आणि त्यावर ओळीनं शंभराहून अधिक विहिरींसारखी तोंडं. ना मोट, ना पंप. उतारानंच पाणी शहरात. एका कुंडीतून पाळण्यात बसून सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येतं. वर उन्हानं जीव नकोसा झालेला असतो, खाली गार पाण्यात पाय बुडतात, आणि भिंतीवर क्षारांचे पांढरे थर हाताला लागतात. रावेरच्या बागांखालचं पाणी कसं चालतं ते डोळ्यांनी पाहता येईल अशी याच्यासारखी दुसरी जागा या टापूत नाही.

ही विद्या इराणहून जशी बऱ्हाणपूरला आली, तशीच अरबांबरोबर पश्चिमेला स्पेनलाही गेली. माद्रिद शहर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशाच भूमिगत बोगद्यांचं पाणी पीत होतं.

संगमावरची दोन पाणी

मुक्ताईनगरपासून काही किलोमीटरवर चांगदेव हे गाव. तिथे तापीला पूर्णा मिळते, आणि संगमाच्या काठी चांगदेवाचं काळ्या पाषाणाचं प्राचीन मंदिर आहे, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असलेलं. चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्याची कथा मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक असते: ज्ञानेश्वरांना काय मायना लिहावा हे न कळून त्यानं पाठवलेलं कोरं पत्र, त्याच्या उत्तरादाखल आलेल्या पासष्ट ओव्या, वाघ आणि चालती भिंत, आणि शेवटी कोवळ्या वयाच्या मुक्ताईला गुरू मानून टेकवलेला माथा. ती मुक्ताई १२९७ साली तापीकाठी मेहूणला विजेच्या लखलखाटात अंतर्धान पावली, अशी वारकरी परंपरा सांगते. जुनं मंदिर कोथळीला आहे. पूर्वीचं एदलाबाद तिच्याच नावानं मुक्ताईनगर झालं. महाशिवरात्रीला कोथळी-चांगदेवला यात्रा भरते, आणि आषाढीसाठी इथून निघालेली मुक्ताईची पालखी महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. गुरू आणि शिष्य एकाच पंचक्रोशीत नांदतात, म्हणून वारकऱ्याला ही वाट एका दिवसात दोन तीर्थांची.

देवळाच्या पायऱ्यांवर बसून समोर पाहिलं तर दोन्ही नद्यांचं पाणी सारखंच दिसतं. पण त्या आल्या त्या मुलखांत मोठा फरक आहे. पूर्णाही सातपुड्यातलीच लेक, तिचं खोरंही गाळाचंच. तरी अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून ती येते तिथे साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा ‘खारपाणपट्टा’ आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि तेच शेताला दिलं तर जमीन बिघडते.

असं का? तिथला गाळ फार बारीक आणि चिकण आहे, आणि खोल थरांत जुने क्षार अडकलेले आहेत. भरड वाळूतून पाणी वाहत राहतं आणि क्षार धुऊन नेतं. चिकणमातीत ते अडकतं, सुकतं आणि क्षार मागे ठेवतं. शिवाय या क्षारांतलं सोडियम मातीची घडणच मोडतं. चांगल्या जमिनीत मातीचे कण एकमेकांना धरून छोट्या गुठळ्या करतात, आणि गुठळ्यांमधून हवा-पाणी खेळतं. भाजलेल्या रव्याचा उपमा कसा मोकळा होतो, तसं. सोडियम वाढलं की गुठळ्या फुटतात, कण सुटे होतात, आणि मैद्याच्या खळीसारखी माती भोकं बुजवून बसते. वरचं पाणी खाली जात नाही, खालचा क्षार निघत नाही.

तापीच्या उत्तर तीराला पायथ्याची चाळणी लाभली. पूर्णेच्या त्या पट्ट्याला तशी मोकळी वाट मिळाली नाही.

हीच माती छपरावर

जी माती शेताचा घात करते तीच घराला राखते, हे खानदेशातल्या माणसाला फार पूर्वीच कळलं होतं. इथली जुनी घरं धाब्याची. सागाच्या लाकडांवर फळ्या किंवा काड्यांचा थर, आणि त्यावर हातभर जाड माती. सगळ्यात वर खारी माती. पावसाचे पहिले थेंब पडले की ती फुगते, तिच्या भेगा बुजतात, आणि पुढचं पाणी वरूनच वाहून जातं. खारपाणपट्ट्यात निचरा बंद होतो तो ज्या कारणानं, त्याच कारणानं धाबं गळत नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर नवी माती टाकायची रीत.

उन्हाळ्यात जाड माती सावकाश तापते. बाहेरचं दुपारचं ऊन आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर घरातली माणसं अंथरुणं घेऊन धाब्यावरच झोपायला गेलेली असतात. आता सिमेंटचा स्लॅब सगळीकडे आला. तो पातळ, लवकर तापणारा. त्याखाली पंखा रात्रभर गरम वाराच फिरवतो. एखाद्या गावात जुनं धाब्याचं घर उघडं असेल, आणि घरच्यांनी ‘या’ म्हटलं, तर भर दुपारी आत जाऊन नुसतं दोन मिनिटं उभं राहावं.

गाळाच्या शेतात दगड सापडत नाही, त्यामुळे भिंतीही मातीच्या. दगड जिथे उघडा पडतो तिथून आणायचा, आणि तो लागायचा देवाला. गाव ज्या उंचवट्यावर असतं त्याला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणतात. पिढ्यान् पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीची राख आणि शेण मिसळून गावाखालची माती खरोखरच पांढुरकी आणि उंच होत जाते. तापीच्या खोऱ्यात अशा पांढरीचं वय फार मोठं निघालं आहे. प्रकाशे इथे १९५४-५५ मध्ये उत्खनन झालं तेव्हा ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर एकावर एक लागले, आणि खोऱ्यातल्याच सावळदा गावाचं नाव एका प्राचीन संस्कृतीला मिळालं.

केळीचं झाड, जे झाड नाही

आता पुन्हा बागेत. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे. एकात एक घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा तो खांब आहे. कांदा उभा ताणला तर जसा दिसेल तसा. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. खांबाच्या पोकळीतून एक दिवस फुलाचा कोका वर येतो, या कोका येण्याला इथले शेतकरी ‘निसवण’ म्हणतात. घड पिकला की त्या खांबाचं आयुष्य संपतं, आणि शेजारी फुटलेलं पील त्याची जागा घेतं.

भर दुपारी पानाकडे नीट पाहिलं तर एक गंमत दिसते. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंची पाती खाली मिटून येतात, अर्धवट मिटलेल्या पुस्तकासारखी. उन्हाला अंग कमी द्यायचं आणि पाणी वाचवायचं, ही केळीची युक्ती. मात्र वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. पानातल्या शिरा एकमेकींना समांतर, त्यांना जोडणारं बळकट जाळं नाही. जोराचा वारा आला की पान शिरांच्या रेषेत टराटरा फाटतं. म्हणून बागेच्या कडेला शेवरीची दाट ओळ किंवा हिरवी जाळी. कडेच्या ओळी उन्हाचा मार खातात, आतल्या ओळी एकमेकींच्या पानांनी दमट केलेल्या हवेत वाढतात.

थंडीचाही त्रास आहेच. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की वाढ थांबते, निसवण अडकते. म्हणून लागवडीचे दोन मोसम बसले: पावसाच्या सुरुवातीचा मृगबाग आणि पावसाळा संपतानाचा कांदेबाग. निसवण कोणत्या हंगामात यावी हे शेतकरी लागवडीच्या दिवशीच ठरवत असतो.

आणि मुळं? ती बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच. खालचा रांजण कितीही भरलेला असो, केळीचा हात तिथवर पोचत नाही. इथे स्पेनशी तुलना केली की सगळा फरक डोळ्यांपुढे येतो.

स्पेनच्या दक्षिणेला हेरेझच्या आसपास द्राक्षमळे पांढऱ्या चुनखडीसारख्या ‘अल्बारिसा’ मातीत आहेत. ती माती हिवाळ्याचा पाऊस स्पंजासारखी पिते. उन्हाळ्यात तिच्या वरच्या थराचा पापुद्रा कडक होतो आणि खालची ओल उडत नाही. द्राक्षवेलाची मुळं कित्येक मीटर खाली जाऊन ती ओल शोधतात. काढणी झाल्यावर तिथले मजूर वेलींच्या रांगांमध्ये चौकोनी आळी खणतात, पावसाचा थेंब शेतातच जिरावा म्हणून. तिथे वेल पाण्यापर्यंत जातो. खानदेशात पाणी केळीपर्यंत आणावं लागतं.

आधी ते मोटेनं आलं, मग इंजिनानं, मग विजेच्या पंपानं. पूर्वी पाटानं दिलेलं पाणी अर्धं वाटेतच जिरायचं. जळगाव जिल्ह्यात ठिबक रुजलं आणि प्रत्येक खोडाशी थेंबथेंब पोचू लागलं. केळीला हवं तेच: थोडं, रोज, न तुंबणारं. ऊतिसंवर्धित रोपं आली, शेतकऱ्यांच्या तोंडी ‘जी-नाईन’ हे वाणाचं नाव बसलं, आणि रावेर-सावद्याहून रेल्वेनं दिल्लीकडे केळी जात राहिली. सावद्याला लागूनच फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं. पंडित नेहरू अध्यक्ष होते, आणि नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावच्याच साहित्यातून मांडव सजवला होता.

जायचं असेल तर

*महिना:* नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुखाचे. महाशिवरात्रीला यात्रेची गर्दी असते. केळीची किमया कळायची असेल तर मात्र एक दिवस मे महिन्यातलाच द्यावा.

*वाट:* पहिल्या दिवशी मुक्ताईनगर, कोथळी, मेहूण आणि संध्याकाळी चांगदेव. दुसऱ्या दिवशी तापी ओलांडून रावेर, सावदा, फैजपूर. तिसरा दिवस बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याला.

*ताटात:* हिवाळ्यात भरीत. हिरवट-पांढरी, कमी बियांची वांगी तुराट्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचतात. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी नावाजलेली. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुरी.

*बागेत:* मालकाला विचारल्याशिवाय शिरू नये. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत.

रांजण कोण भरतो?

पंप आल्यावर रांजणातून काढणं सोपं झालं, भरण मात्र पावसावरच राहिली. बागा वाढल्या, कूपनलिका खोल गेल्या. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी पाहणीत ‘अतिशोषित’ गटात नोंदले गेले, म्हणजे वर्षाला जितकं जिरतं त्याहून जास्त उपसलं जातं. हे फक्त खानदेशातलंच दुखणं नाही. स्पेनमध्ये उबेदा आणि बाएसा ही जुनी गावं २००३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. ती पाहायला लोक ऑलिव्हच्या बागांमधून जातात, आणि त्या बागांखालचं भूजलही असंच उपसलं गेलं आहे. कोरडवाहू म्हणून हजारो वर्षं वाढलेल्या ऑलिव्हलाही जास्त उत्पन्नासाठी कूपनलिका लागली.

रावेरकडे एक जमेची बाजू आहे: चाळणी कुठे आहे ते माहीत आहे. मैदानात कुठेही खड्डा खणून पाणी मुरत नाही, मध्ये चिकणमातीचे थर आडवे येतात. पायथ्याच्या गोट्यांत सोडलेलं पाणी मात्र खोल जातं. तापी खोऱ्याच्या ‘महापुनर्भरण’ योजनेमागे हाच विचार आहे. पावसाळ्यात वाहून जाणारं तापीचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या कडेकडेनं न्यायचं आणि बझाड्यात जिरवायचं. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी त्यासाठी १० मे २०२५ रोजी भोपाळला करार केला. तोवर नाल्यांवरचे बंधारे आणि कोरड्या विहिरीत गाळून सोडलेलं पुराचं पाणी, हे शेतकऱ्याच्या हातातले उपाय आहेतच.

गाळ येणंही अजून थांबलेलं नाही. चांगदेवच्या संगमाखाली हतनूरचं धरण आहे, एकेचाळीस दरवाजांचं. जुलै-ऑगस्टमध्ये तापी आणि पूर्णा दोन्ही गढूळ होऊन येतात, दरवाजे उघडतात, आणि मातकट पाणी भुसावळकडे धावतं. जड गाळ मात्र जलाशयातच बसतो, आणि धरणाची पाणी साठवायची जागा त्यानं पुष्कळ खाल्ली आहे. पाणी ओसरल्यावर तो उथळ कडांना उघडा पडतो. थंडीत सकाळी लवकर तिथे गेलं तर त्या चिखलात चोची खुपसून चरणारी, उत्तरेकडून आलेली बदकं दिसतात.